बीपी जरासंच वाढलेलं, गोळी मेटोप्रोलॉलची, आणि आता चढावर पाय उचलत नाहीत. मदत हवी आहे

सायकलवाला_नागपूर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतो, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवटच मिळतात.

वय ४६, वजन ७९, उंची पाच फूट सात. नोकरी खुर्चीतली. शुगर नाही, दारू-सिगारेट नाही. आठवड्यातून चार दिवस पहाटे सायकल, रविवारी फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ. एप्रिलमध्ये ऑफिसच्या तपासणीत बीपी १५०/९६ निघालं. धंतोलीत एका डॉक्टरांकडे गेलो. नाव सांगत नाही; माणूस भला आहे, त्यांची तक्रार करायला धागा काढलेला नाही. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय ते नागपूरकरांना माहीत आहे, त्यामुळे लांब लावून उन्हातून चालत आलो, जिने चढलो, आणि टेकतो न टेकतो तोच नंबर लागला. १५२/९८, नाडी १०४. दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं: १४६/९४, नाडी ९६. डॉक्टर म्हणाले, "नाडी फार पळते तुमची, टेन्शन घेता का?" म्हटलं, मार्च एंडिंग नुकतंच झालंय, कोण घेत नाही? ईसीजी नॉर्मल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५०, रोज सकाळी एक.

याला सात आठवडे झाले. घरच्या मशीनवर आता १२६/८२ च्या आसपास येतं, नाडी ५४ ते ५६. कागदावर बघाल तर सगळं झकास.

अंगावर मात्र वेगळंच चाललंय. ज्या चढाला घड्याळात ठोके १६० च्या घरात जायचे, तिथे आता ११८ ला अडकतात आणि मांड्यांत कोणी वाळू भरल्यासारखं होतं. मागच्या रविवारी अर्ध्यात उतरून सायकल ढकलत नेली. शेजारून एक शाळकरी पोट्टा गिअर नसलेल्या सायकलवर वर गेला, वळून बघत. दुपारी खुर्चीत डोळे मिटतात. आणि बोटं गार पडतात! नवतप्यात, पारा ४५ च्या वर असताना, माझ्या हाताची बोटं गार. बायकोला खोटं वाटलं, हात लावून बघितल्यावर म्हणाली, "कूलर बंद करू का? तुम्हीच पुरे आहात."

मेव्हणा म्हणतो, ही गोळी जुनी झाली, आता कोणी देत नाही, फेकून दे. विचारायचं एवढंच की एवढ्याशा बीपीला ही गोळी बरोबर आहे का? आणि मेव्हण्याचं ऐकून उद्यापासून बंद केली तर काय होईल?

तर्रीपोहा

भाऊ, आधी ते घड्याळ काढून ठेवा. अर्धं बीपी त्यानंच वाढून राहिलं असेल.

बाकी मेव्हण्याचं ऐकून कोणाचं भलं झालं आजवर?

औषधविद्या

इतवारीकडे माझं औषधाचं दुकान आहे. बाकीचे काय सांगायचं ते सांगतील, मी एकच सांगतो: एकदम बंद करू नका. ही गोळी तशी सोडायची नसते.

माझ्या सख्ख्या काकांची गोष्ट. अटेनोलॉल चालू होतं, तुमच्या मेटोप्रोलॉलचंच भावंड. गावी लग्नाला गेले, गोळ्यांची पट्टी घरी राहिली. "चार दिवसांनी काय होतं" म्हणाले. तिसऱ्या दिवशी मांडवात छातीत धडधड, घाम, दरदरून. थेट भरती. त्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता म्हणून इतकं झालं, तुम्हाला तितकं होईलच असं नाही. पण मी दुकानात पट्टी देताना प्रत्येकाला सांगतो, संपायच्या चार दिवस आधी या.

कारण सोपं आहे. हे औषध हृदयावरची ॲड्रेनलिनची दारं अडवून बसतं. शरीरही हुशार, ते आणखी दारं तयार करतं. औषध एका दिवसात काढलं की जुनी-नवी सगळी दारं उघडी, आणि ॲड्रेनलिनची झुंबड. म्हणून डोस आठ-पंधरा दिवसांत उतरवत आणायचा असतो, तोही डॉक्टर सांगतील तसा.

आजीचा_बटवा

अर्जुनसाल घ्या रोज सकाळी दुधातून. आमच्याकडे तीन पिढ्या चालू आहे. या गोळ्यांची गरजच नाही.

औषधविद्या

बटवा, घेऊ देत ना, पण गोळीच्या जागी नको. वरचं वाचलं नाही का?

गोकुळपेठची_काकू

मी ७१ वर्षांची आहे. २००३ पासून अटेनोलॉल घेते, ५० ची. मंडईत रोज पायी जाते, दोन पिशव्या घेऊन येते. माझं तर काही वाकडं झालेलं नाही. उगाच सगळ्यांना घाबरवू नका, नाहीतर माझ्यासारख्या बायका वाचून गोळी बंद करतील. आमच्या डॉक्टरांनी मला अर्धशिशीसाठीही चांगली म्हणून दिली होती, आणि खरंच, डोकं दुखायचं थांबलं.

पांढरा_कोट

मी फिजिशियन, अमरावतीला असतो. इथे बसून तुमची गोळी बदलणं हे माझं काम नाही, ते तुमचे डॉक्टरच करतील. पण प्रश्न चांगला विचारलाय आणि मेव्हणा अर्धा बरोबर आहे, म्हणून लिहितो.

तुमचं मेटोप्रोलॉल, काकूंचं अटेनोलॉल हे एकाच घराण्यातले, बीटा ब्लॉकर. ते साठच्या दशकात आले ते मुळात छातीत दुखणाऱ्या हृदयरोग्यांसाठी. पहिलं गाजलेलं औषध प्रोप्रॅनोलॉल. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. बीपीही उतरतं असं दिसलं, मग आमच्या आधीच्या पिढीनं बीपीचा पेशंट आला की अटेनोलॉल लिहायची सवयच लावून घेतली. स्वस्त, दिवसाला एक गोळी, आकडा उतरतो. आणखी काय हवं?

हवं होतं ते पक्षाघात टाळणं. आकडा हा निरोप्या आहे, दुखणं नाही. २००२ मध्ये 'लाईफ' नावाचा मोठा अभ्यास आला. बीपीमुळे हृदयाची भिंत जाड झालेले नऊ हजारांवर लोक. निम्म्यांना लोसार्टन नावाची बीपीची वेगळ्या गटातली गोळी, निम्म्यांना अटेनोलॉल. बीपी दोघांचंही जवळपास सारखंच उतरलं. पक्षाघात मात्र लोसार्टनवाल्यांत सुमारे पाव हिश्शानं कमी. २००५ मध्ये 'ॲस्कॉट', एकोणीस हजारांवर माणसं, तिथेही अटेनोलॉलच्या बाजूपेक्षा अम्लोडिपिन या आणखी एका बीपीच्या गोळीची बाजू सरस ठरली. फरक इतका दिसू लागला की अभ्यास मुदतीआधी थांबवला. २००६ मध्ये ब्रिटननं साध्या बीपीसाठी पहिल्या पसंतीतून बीटा ब्लॉकर काढले. अमेरिकेच्या २०१७ च्या नियमांतही ते दुसऱ्या फळीत आहेत. आपल्याकडे सरकारी उच्च रक्तदाब कार्यक्रमात बहुतेक ठिकाणी सुरुवात अम्लोडिपिन ५ नं होते, पुढे टेल्मिसार्टन.

असं का होतं? एक पटणारं कारण असं: आपण मोजतो दंडावर, पण मेंदूला जो दाब लागतो तो हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीतला. ठोके संथ झाले की प्रत्येक ठोका लांबतो, आणि दूरच्या रक्तवाहिन्यांवर आपटून परत येणारी लाट त्याच ठोक्यावर येऊन चढते. विहिरीत बादली आपटल्यावर काठावरून लाट परत येते ना, तशी. ॲस्कॉटमधल्याच काही लोकांचा आतला दाब मोजला तेव्हा दंडावर दोन्ही गट सारखे, पण आतला वरचा आकडा अटेनोलॉलवाल्यांत ४ नं जास्त निघाला.

आता मेव्हण्याचा उरलेला अर्धा. 'कोणी देत नाही' हे साफ चूक. हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदयाचा पंप कमजोर झालेला, अंजायना (हृदयाचं छातीत दुखणं), ठोक्यांची गडबड, अर्धशिशी, हाताचा कंप, थायरॉइडची धडधड, अशांना आम्ही हेच देतो आणि देत राहू. गरोदरपणातल्या बीपीला लॅबेटॅलॉल आहेच. तरुण पेशंटमध्ये बाकीच्या औषधांहून फार फरक दिसत नाही असंही विश्लेषण आहे, आणि वाईट निकाल बहुतेक अटेनोलॉलचे आहेत; नेबिवोलॉलसारख्या नव्यांवर ते जसेच्या तसे लादता येत नाहीत. २०२३ मध्ये युरोपातल्या एका संस्थेनं त्यांना पुन्हा मुख्य पाच गटांत बसवलं. म्हणजे वाद मिटलेला नाही. नाडी सतत जोरात असलेल्या माणसाला बीटा ब्लॉकर द्यावासा वाटणं हे अडाणीपण नाही, तुमच्या डॉक्टरांचा हिशेब मला दिसतोय.

गोकुळपेठच्या काकूंना: तुम्हाला अर्धशिशीचं कारण आहे, गोळी सोसतेय. बंद करू नका. वर्षातून एकदा शुगर आणि क्रिएटिनिन मात्र तपासा, अटेनोलॉल किडनीवाटे बाहेर पडतं.

आणि सायकलवाले, तुम्ही मला चार गोष्टींची उत्तरं द्या. लहानपणी दमा होता का? तंबाखू कुठल्याही रूपात? दुखण्याच्या गोळ्या घेता? रात्री घोरता का?

सायकलवाला_नागपूर

डॉक्टर, तुमचा पहिला प्रश्न वाचला आणि पाच मिनिटं काही टाईप करता आलं नाही.

दमा होता. सातवीपर्यंत. आई पाठीला शेक द्यायची, वडील रात्री सायकलवर बसवून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचे. मग गेला तो गेलाच, पस्तीस वर्षांत विसरूनही गेलो. धंतोलीत कोणी विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नाही. आता दुसरी गोष्ट: गेला महिनाभर पहाटे तीन-साडेतीनला छातीत बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं. मी समजत होतो कूलरची ओल. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, खिडकी उघडी ठेवली. शिट्टी चालूच.

तंबाखू: खर्रा. दिवसाला दोन. वर 'दारू-सिगारेट नाही' असं ऐटीत लिहिलं तेव्हाच हाताला अडखळलं होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे जिना चढण्याआधी पानठेल्यावर एक घोटून घेतला होता, तोंड धुऊन आत गेलो.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, महिन्यातून सात-आठ वेळा, लांब सायकल झाली की. घोरण्याचं बायको म्हणते, "आत्ताच काय विचारता, लग्नाच्या वर्षापासून."

तर्रीपोहा

अरे बाप्पा. खर्रा खाऊन बीपी मोजलं म्हणजे गाडी एक्सलरेटरवर ठेवून मायलेज काढल्यासारखं झालं.

पांढरा_कोट

शिट्टी ऐकल्यावर थांबण्यात अर्थ नाही. उद्या सकाळीच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि दमा आणि पहाटेची शिट्टी हे दोनच शब्द आधी सांगा, बाकी नंतर. मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करतं, पण डोस वाढेल तशी ती निवड सैल होते आणि श्वासनलिकाही आवळतात. दम लागला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर फोनबिन नाही, सरळ इमर्जन्सी.

डायक्लोफिनॅक बीपी चढवतं, आणि काही दमेकऱ्यांना तेही चालत नाही. तेही सांगा. घोरण्याचं वेगळं बघावं लागेल, झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानंही बीपी वाढतं.

आणि मोजण्याबद्दल, हे सगळ्यांसाठीच लिहितो. अर्धा तास आधी चहा नाही, खर्रा नाही, व्यायाम नाही. लघवी तुंबवून बसू नका. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे मोबाईलही नाही. दंड हृदयाच्या उंचीवर, उशी किंवा टेबलावर टेकलेला. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. सात दिवस. पहिला दिवस खोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या खाली असेल तर ठीक. दवाखान्यात १४०/९० ची रेघ असते, घरी ती खाली सरकते.

गोकुळपेठची_काकू

आमच्या दवाखान्यात तर बोलता बोलताच पट्टा बांधतात. मी आता सांगणार, पाच मिनिटं थांब रे बाळा म्हणून.

सायकलवाला_नागपूर

(चार दिवसांनी.) गेलो होतो. डॉक्टरांना दम्याचं सांगितलं, त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं, आणि तुम्ही सांगायला." स्टेथोस्कोप पाठीवर लावून बराच वेळ ऐकलं. श्वासाची तपासणी लिहून दिली, एक इनहेलर दिला. मेटोप्रोलॉल २५ वर आणलं, आठवडाभर तेच, मग बंद. डायक्लोफिनॅक बंदच. बीपीची दुसरी गोळी लगेच सुरू केली नाही. म्हणाले, आधी गोळीविना सात दिवस घरी मोजा, वही घेऊन या, १६०/१०० च्या वर गेलं तर मात्र वाट बघू नका.

औषधविद्या, २५ वर आल्यावर पहिले दोन दिवस जरा धडधड झाली, घाबरलो. मग गेली.

औषधविद्या

चालायचं. धडधड वाढली किंवा छातीत दुखलं असतं तर मात्र तसंच बसून राहायचं नव्हतं. वही लिहिताय ना?

सायकलवाला_नागपूर

(जून अखेर. काल पहिला खरा पाऊस झाला, मानेवाड्यात तासभर लाईट नव्हती, म्हणून आज लिहितोय.)

गोळी बंद होऊन दोन आठवडे. पहाटेची शिट्टी चौथ्या-पाचव्या रात्रीपासून कमी झाली, आता नाही. बोटं पुन्हा माणसाची झाली. रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ न उतरता गेलो, वर घड्याळात १५७. तो पोट्टा दिसला नाही, नाहीतर दाखवलं असतं.

आता बीपी. सहा दिवसांची सरासरी १४१/९०, नाडी ७८. जीव खट्टू झाला. मला वाटत होतं जिना, ऊन आणि खर्रा वजा केला की बीपी नावाला उरणार नाही. तसं नाही, आहेच.

वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी वहीकडे नंतर बघितलं, आधी माझ्या मशीनचा पट्टा हातात घेतला आणि टेपनं माझा दंड मोजला. ३४ सेंटिमीटर. पट्ट्यावर बारीक अक्षरात लिहिलंय २२ ते ३२. पट्टा लहान पडला की आकडा वर जातो म्हणे. दोन वर्षं त्याच पट्ट्यानं सासऱ्यांचं मोजतोय मी, आणि आता माझंही. मोठा पट्टा आणून पुन्हा सात दिवस मोजायला सांगितलंय. बर्डीवर दोन दुकानं पालथी घातली, "ह्याच मशीनसोबत येतो तोच" असं सांगतात.

औषधविद्या

बर्डी सोडा. मेडिकल चौकातल्या सर्जिकलच्या दुकानांत विचारा, मशीनचा मॉडेल नंबर लिहून न्या. त्याच कंपनीचाच मोठा पट्टा घ्या, दुसऱ्याचा जोडू नका, आकडे चुकतात.

सायकलवाला_नागपूर

(जुलै.) मिळाला. मोठ्या पट्ट्यावर सरासरी १३६/८७. पाचेक आकड्यांचा फरक नुसत्या कापडाचा!

१३५/८५ ची रेघ तरी ओलांडलेलीच आहे, थोडीशी. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल, शुगर, लघवीतलं प्रथिन सगळं बघितलं, ठीक निघालं. म्हणाले, तीन महिने गोळीशिवाय प्रयत्न करायला हरकत नाही. मीठ कमी, दिवसाला सगळं मिळून चहाच्या चमच्याच्या आत. म्हणजे पापड, लोणचं, ठेचा यांचा हिशेब आला, आणि रविवारचा सावजी रस्सा महिन्यातून एकदा. वजन चार-पाच किलो उतरवायचं. झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात. तरीही नाही उतरलं तर टेल्मिसार्टन ४०, आणि ती सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासायचं.

सासऱ्यांचा दंड मोजला, २९. त्यांचे आकडे खरेच होते. त्यांना वाईट वाटलं.

तर्रीपोहा

सगळं लिहिलं भाऊ, खर्ऱ्याचं काहून नाही लिहिलं?

सायकलवाला_नागपूर

आज एक. तोही अर्धा.

तर्रीपोहा

उरलेला अर्धा कुठाय?

सायकलवाला_नागपूर

खिशात.